साथींचे आकडे 2021शी ताडून पाहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की दवाखान्यांतली गर्दी वाढते आणि पाठोपाठ 'फ्लूचे रुग्ण अमुक पटीने वाढले' अशा बातम्या येऊ लागतात. करोनानंतर अशा बातम्यांतली तुलना बऱ्याचदा 2020 किंवा 2021 या वर्षांशी केलेली दिसते. तीच दोन वर्षे तुलनेला घेऊ नयेत, हे सांगण्यासाठी हे पत्र. मार्च 2020 नंतर त्या दोन वर्षांत फ्लू जगात बहुतेक ठिकाणी जवळजवळ नव्हताच. जिथे पाया शून्याच्या आसपास, तिथे चार रुग्ण सापडले तरी वाढ चौपट दिसते. वाचक घाबरतात, कोणी अँटिबायोटिक आणून ठेवते, आणि ज्या बाळाला खरोखर धाप लागली आहे ते 'सगळीकडे व्हायरल आहे' म्हणून दोन दिवस उशिरा रुग्णालयात पोहोचते.

अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी 28 सप्टेंबर 2020 ते 22 मे 2021 या काळात श्वसनमार्गाचे 8,18,939 नमुने फ्लूसाठी तपासले. त्यांपैकी पॉझिटिव्ह निघाले 1,675, म्हणजे 0.2 टक्के. त्याआधीच्या तीन हंगामांत साथ ऐन भरात असताना हेच प्रमाण 26 ते 30 टक्क्यांवर जात असे. करोनापायी फ्लूची तपासणीच थांबली म्हणून फ्लू दिसला नाही, असे अनेकांना वाटते. आपल्याकडे काही महिने तपासणी रोडावली होती, तेव्हा ही शंका गैर नाही. पण आठ लाखांवर नमुने तपासूनही सापडला नाही म्हटल्यावर तो खरोखरच फिरत नव्हता, हे मान्य करावे लागते.

मग त्याच मास्कने, त्याच टाळेबंदीने करोना का थांबला नाही? उत्तर साध्या गुणाकारात आहे. हंगामी फ्लूचा एक रुग्ण सरासरी 1.3 लोकांना आजार देतो. लोकांचा आपसातला संपर्क नुसता एक चतुर्थांश कमी झाला, तरी 1.3 गुणिले 0.75 म्हणजे 0.975. आकडा एकाच्या खाली गेला की साथ आपोआप विझते. करोनाचा मूळ विषाणू एकापासून साधारण तिघांना होत असे. तो एकाच्या खाली आणायला संपर्क दोन तृतीयांशाने तोडावा लागतो, आणि तोही महिनोन्‌महिने. म्हणजे करोनाला नुसते हळू करणाऱ्या उपायांनी फ्लूचे पार कंबरडे मोडले.

यातला कोणता उपाय किती कामाला आला, हे न्यूझीलंडमध्ये सगळ्यांत स्वच्छ दिसते. तिथे मार्च 2020 मध्ये सीमा बंद झाल्या आणि कडक टाळेबंदी लागली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात देशांतर्गत सगळी बंधने उठली. शाळा, कचेऱ्या, खेळाची मैदाने पूर्ववत सुरू झाली, आणि तो तर तिथला ऐन हिवाळा. तरीही त्या हंगामात 2015-19 च्या मानाने फ्लू 99.9 टक्क्यांनी आणि आरएसव्ही 98 टक्क्यांनी कमी होता. आरएसव्ही म्हणजे तान्ह्या बाळांच्या श्वासनलिकांच्या बारीक फांद्या सुजवणारा विषाणू, ब्राँकिओलायटिसचे सर्वांत मोठे कारण. मुले वर्गात शेजारीशेजारी बसत होती, तरी हे दोन्ही परतले नाहीत, कारण देशात ठिणगीच उरली नव्हती आणि बाहेरून ती येऊ शकत नव्हती. 19 एप्रिल 2021 रोजी ऑस्ट्रेलियाशी विलगीकरणाशिवाय प्रवास सुरू झाला. जून-जुलैत आरएसव्हीची अशी लाट आली की बालरुग्णालयांतल्या खाटा कमी पडल्या. फ्लूला मात्र 2022 उजाडावे लागले, सीमा जगासाठी टप्प्याटप्प्याने उघडू लागेपर्यंत.

राइनोव्हायरस, म्हणजे साध्या सर्दीचा विषाणू, या सगळ्याला पुरून उरला. टाळेबंदी सैल होताच तो न्यूझीलंडमध्ये हजर झाला. हाँगकाँगमध्ये शाळा उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर 2020 मध्ये, मुलांना मास्क असूनही वर्गावर्गांतून सर्दीच्या साथी आल्या. याची कारणे त्याच्या घडणीत आहेत. फ्लू, करोना, आरएसव्ही यांच्याभोवती चरबीचे पातळ आवरण असते. सॅनिटायझरमधले अल्कोहोल ते फोडते आणि विषाणू मरतो. राइनोव्हायरसला हे आवरणच नाही. सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. साबणाने हात चोळून पाण्याखाली धरले तर धुऊन जातो. शिवाय तो लक्षणे नसलेल्या मुलांच्या नाकातही सापडतो, त्यामुळे समाजातून तो पुरता हटतच नाही. अंगणवाडीच्या दारात सॅनिटायझरची बाटली ठेवून 'सर्दी काही थांबत नाही' अशी तक्रार करणाऱ्यांनी नळाजवळ साबण आहे का, ते आधी पाहावे.

विषाणू एकमेकांना अडवतात, हा या विषयातला वेगळाच धागा आहे. एका विषाणूने श्वसनमार्गाच्या पेशींत शिरकाव केला की त्या पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडतात आणि आजूबाजूच्या पेशी काही दिवस सावध होतात. त्या दिवसांत दुसऱ्या विषाणूला तिथे पाय रोवणे अवघड जाते. येल विद्यापीठात प्रयोगशाळेत वाढवलेल्या श्वासनलिकेच्या पेशींना आधी राइनोव्हायरसचा आणि तीन दिवसांनी फ्लूचा संसर्ग दिला, तेव्हा फ्लूचा विषाणू सुमारे 50,000 पटीने कमी वाढला. हा शोधनिबंध 2020 मधला. पण याची चाहूल 2009 च्या स्वाइन फ्लूच्या वेळीच लागली होती. स्वीडन आणि फ्रान्समध्ये त्या वर्षी शाळा उघडताच सर्दीची साथ आली आणि स्वाइन फ्लूची मोठी लाट अपेक्षेपेक्षा लांबली; तिथल्या संशोधकांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला. पुढे अनेक देशांत आरएसव्हीचा हंगामही काही आठवडे मागे सरकला. अर्थात या अडवणुकीला मर्यादा आहे. एका माणसात तिचा परिणाम दिवसांत मोजायचा असतो. फ्लू दोन वर्षे गायब राहण्याचे श्रेय तिला देता येत नाही, ते संपर्क आणि प्रवास बंद असण्याचे. साथीची वेळ दोन-चार आठवडे मागेपुढे होण्यात मात्र तिचा हात असू शकतो.

महासाथ एखाद्या विषाणूला दीर्घकाळ, कधी कायमचीही घालवते. 1957 च्या एच2एन2 महासाथीने तोवर फिरणारा एच1एन1 (दोन्ही फ्लू-ए चेच उपप्रकार) वीस वर्षे बाजूला सारला. 1968 मध्ये एच3एन2 आला आणि एच2एन2 गेला. 2009 च्या नव्या एच1एन1 ने जुन्या हंगामी एच1एन1 ची जागा घेतली. करोना तर फ्लूच्या कुळातला नाही, तरी त्या काळात फ्लू-बी चा यामागाता हा वंश संपल्यासारखा आहे. मार्च 2020 नंतर त्याची एकही खात्रीशीर नोंद नाही. म्हणून सप्टेंबर 2023 पासून जागतिक आरोग्य संघटना तो घटक फ्लूच्या लशीतून वगळायला सांगते आहे आणि चार घटकांच्या लशीच्या जागी पुन्हा तीन घटकांची लस आली आहे. दवाखान्यात 'चारवाली नाही, तीनवालीच आहे' असे ऐकले तर ती कमी दर्जाची समजून परत फिरू नये. वगळलेल्या चौथ्या घटकाचे आज कामच नाही.

आता परतीच्या लाटेविषयी, कारण गैरसमज सर्वाधिक इथेच आहेत. 'मास्कमुळे मुलांची प्रतिकारशक्ती खालावली' हे वाक्य पालकांच्या तोंडी इतके बसले आहे की डॉक्टरही ते खोडण्याच्या भानगडीत पडत नाहीत. मुलांची रोगप्रतिकार यंत्रणा कुठेही दुबळी झाली नव्हती. झाले ते एवढेच, की ज्यांची विषाणूशी गाठच पडलेली नाही अशा मुलांची संख्या साठत गेली. आरएसव्हीने दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मूल एकदा तरी आजारी पडते. एक हंगाम चुकला तर पुढच्या हंगामात एका वर्षाऐवजी दोन वर्षांत जन्मलेली मुले त्याच्यासमोर कोरी उभी असतात. दोन चुकले तर तीन वर्षांत जन्मलेली. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग मार्च 2020 पासून डिसेंबर 2021 पर्यंत, म्हणजे सुमारे पावणेदोन वर्षे बंद होते. तान्ह्या बाळाला आरएसव्ही घरी आणून देणारे बहुधा त्याचे शाळेत जाणारे भावंडच असते, हे लक्षात घेतले की साखळी कुठे तुटली आणि कुठे पुन्हा जुळली ते उमगते. आईच्या बाजूनेही तूट होती. एरवी मोठ्यांनाही हा विषाणू अधूनमधून होतो, आईच्या रक्तात प्रतिपिंडे (अँटिबॉडी) ताजी राहतात आणि नाळेतून बाळाला मिळतात. दोन वर्षे विषाणूच न फिरल्याने ती शिदोरीही आटली. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे गणित मांडून 2020 च्या अखेरीसच सांगितले होते, की बंधने जितकी लांबतील तितकी आरएसव्हीची नंतरची लाट मोठी आणि अवेळी येईल. तसेच झाले. पश्चिम ऑस्ट्रेलियात हिवाळ्यात न आलेली साथ वसंतात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालली, आणि त्यात नेहमीपेक्षा मोठ्या वयाची मुले होती. अमेरिकेत ती 2021 च्या उन्हाळ्यात आली. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देण्याचे प्रतिपिंडांचे मासिक इंजेक्शन तेव्हा एरवी हिवाळ्याच्या महिन्यांतच देत असत. त्या वर्षी पंचांग बाजूला ठेवून, विषाणू सापडतो आहे त्या भागात लगेच सुरू करा, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला सांगावे लागले.

हाच क्रम आपल्याकडे लावून पाहा. 27 मार्च 2022 ला नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. 2 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातली सर्व बंधने आणि मास्कची सक्ती उठली. त्याच पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, पुण्या-मुंबईत एच1एन1 चे रुग्ण वाढले. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एच3एन2 ने डोके वर काढले. त्याच सुमारास पश्चिम बंगालमध्ये लहान मुलांत ॲडेनोव्हायरसची मोठी साथ चालू होती. आणि जानेवारी 2025 मध्ये 'चीनचा नवा विषाणू' म्हणून एचएमपीव्ही घराघरांत पोहोचला. तो ना नवा होता ना चीनचा. 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये त्याचा शोध लागला आणि पुण्यातल्या मुलांमध्ये तो सापडल्याची नोंद 2004 मध्येच प्रसिद्ध झालेली आहे. बंगळुरूतल्या ज्या दोन बाळांमुळे गदारोळ उडाला, ती नेहमीच्या सर्वेक्षणातच सापडली होती. महासाथीनंतर विषाणूची तपासणी करणारी यंत्रे आणि किट जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. जे पूर्वी 'व्हायरल' म्हणून सोडून दिले जायचे त्याला आता नाव मिळते. नाव नवे कळले म्हणून विषाणू नवा होत नाही.

फ्लूचे आपले पंचांग तसेही युरोप-अमेरिकेचे नाही. देशाच्या बहुतांश भागात मुख्य साथ जून ते सप्टेंबर, आणि दुसरी, कमी उंचीची, जानेवारी ते मार्च. श्रीनगरला मात्र हिवाळ्यातलीच. म्हणून महाराष्ट्रात लस घ्यायची ती एप्रिल-मेमध्ये, आणि दक्षिण गोलार्धासाठी ठरवलेली. प्रतिपिंडे तयार व्हायला दोन आठवडे लागतात. नऊ वर्षांखालचे मूल पहिल्यांदाच लस घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे सुरुवात एप्रिलमध्ये हवी. ऑगस्टमध्ये बातम्या वाचून रांगेत उभे राहणाऱ्यांच्या हाती निम्मा हंगाम उरलेला असतो. गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले आणि साठीपुढचे यांनी तरी उशीर करू नये.

आकड्यांकडे येतो. 'स्वाइन फ्लूचे रुग्ण' म्हणून जो आकडा छापून येतो तो समाजातल्या रुग्णांचा नसतो. फ्लूच्या उपचारांसाठी रुग्णांचे अ, ब, क असे गट केलेले आहेत. सौम्य लक्षणांच्या अ गटाची तपासणी करायचीच नसते. तपासणी प्रामुख्याने दाखल होणाऱ्या क गटाची. तेव्हा त्या आकड्यावरून गावात फ्लू किती हे कळत नाही, रुग्णालयात किती हे कळते. शिवाय किती नमुन्यांतून किती पॉझिटिव्ह, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. समजा एका आठवड्यात 200 नमुन्यांतून 20 पॉझिटिव्ह आले आणि पुढच्या आठवड्यात किट संपल्यामुळे 40 च तपासले, त्यात 4 निघाले. प्रमाण दोन्हीकडे 10 टक्के. साथ जिथल्या तिथे आहे, पण मथळा होईल 'रुग्णांत 80 टक्के घट'.

तुलनेला कोणती वर्षे घ्यायची, हाही प्रश्न आहे. 2015 ते 2019 घ्यावीत, पण त्यांची सरासरी काढू नये. महाराष्ट्रात 2015 आणि 2017 ही एच1एन1 ची फार वाईट वर्षे होती आणि अशी वर्षे सरासरीला वर ओढतात. समजा पाच वर्षांत एखाद्या आठवड्याचे आकडे 40, 35, 300, 50 आणि 45 असे आहेत. सरासरी येते 94. चढत्या क्रमाने लावून मधला, म्हणजे मध्यक, घेतला तर 45. या वर्षी 80 रुग्ण आले तर सरासरीच्या हिशेबाने सगळे आलबेल, मध्यकाच्या हिशेबाने जवळपास दुप्पट. आम्ही मध्यकावर विश्वास ठेवू.

नमुन्यातही चुका होतात, आणि त्या बातमीपर्यंत कधी येत नाहीत. सर्वेक्षणात फ्लूसदृश आजाराची व्याख्या अशी आहे: 38 अंश सेल्सियस किंवा अधिक ताप, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या 10 दिवसांत. आरएसव्ही झालेल्या कित्येक तान्ह्या बाळांना ताप येतच नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात कधी श्वास मध्येच थांबणे एवढेच लक्षण असते. तापाची अट ठेवली की ही बाळे यादीतून गळतात आणि आरएसव्ही आहे त्यापेक्षा कमी दिसतो. दाखल बाळांसाठी ही अट काढावी. नमुना लक्षणे सुरू झाल्यापासून चार-पाच दिवसांत घेतलेला हवा. नमुना घ्यायची काडी प्लॅस्टिकची आणि टोक नायलॉनच्या तंतूंचे. लाकडी काडी आणि कापूस पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूची जनुके शोधणाऱ्या चाचणीत, अडथळा आणतात. नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून काढलेली काडी कामाची नाही, ती नाकाच्या मागच्या भिंतीपर्यंत जायला हवी. मग ती विषाणूवाहक द्रावणाच्या नळीत टाकून 2 ते 8 अंशांवर 72 तासांत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. शुक्रवारी दुपारी घेतलेला नमुना शनिवार-रविवार फ्रीजमध्ये राहिला तर सोमवारी दुपारी मुदत संपते. अशा वेळी तो फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवून ठेवणे हा उपाय नव्हे. उणे 20 अंशांत तो खराबच होतो, उणे 70 लागतात. पीसीआरमध्ये माणसाच्या पेशींतले एक जनुकही सोबत तपासतात, ते केवळ नमुना नीट घेतला आहे का हे पाहण्यासाठी. तेच सापडले नाही तर अहवाल 'निगेटिव्ह' नसतो, नमुना पुन्हा घ्यायचा असतो. असे नमुने निगेटिव्हच्या रकान्यात गेले की टक्केवारी गुपचूप खाली येते.

आरोग्य विभागाला आमची विनंती आहे, की दाखल रुग्णांचे नमुने वर्षाचे बावन्नही आठवडे घ्यावेत. साथीचा महिना उजाडल्यावर सुरू करून संपला की बंद, असे करू नये. 2020 नंतर साथी महिना पाहून येत नाहीत, हे दोन्ही गोलार्धांत दिसून चुकले आहे.

आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती ही, की जून ते मार्च आठवड्यातून एकदा एक छोटी चौकट द्यावी. त्यात तपासलेले नमुने, त्यांतले फ्लू-ए, फ्लू-बी, आरएसव्ही आणि करोना यांचे पॉझिटिव्ह, त्याच आठवड्याचा 2015-19 चा मध्यक (जिथे उपलब्ध असेल तिथे), आणि दाखल रुग्णांपैकी पाच वर्षांखालचे व साठीवरचे किती, एवढेच असावे. खाली जागा उरली तर बाळाच्या श्वासांचे आकडे छापावेत. बाळ शांत असताना, पोटावरचे कपडे वर करून, पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, तान्ह्यांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षे 40 किंवा अधिक, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर विषाणू कोणता हे कळायची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

आपले,
बालरोग व विषाणूनिदान क्षेत्रातील काही वाचक, पुणे